एका स्टिकरपायी बाद ठरणारी कार्डे

या अंकासाठी वेगळा विषय ठरला होता. नांदेड आणि लातूरच्या वाचकांची पत्रे वाचली आणि तो बाजूला ठेवला. गिऱ्हाइकाच्या वॉटर-कूल्ड मशीनमधले ग्राफिक्स कार्ड बंद पडते. आपण लूप रिकामा करतो, ब्लॉक उतरवतो, मूळ हीटसिंक आणि पंखे परत बसवतो आणि कार्ड कुरियरने कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे, पुण्याला किंवा हैदराबादला धाडतो. काही आठवड्यांनी ते जसेच्या तसे परत येते. सोबत एक ओळ असते : सील तुटले आहे, वॉरंटी लागू नाही. बिघाड मेमरीत आहे की व्हीआरएममध्ये, हे तपासण्याची तसदी कुणी घेतलेली नसते. स्क्रूवरचा डाळीएवढा कागद फाटला, एवढ्यावर निकाल!

हीटसिंक न काढता ब्लॉक बसवायचा कसा, हे या कंपन्यांनी एकदा करून दाखवावे. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. लूपमधले पाणी खोलीच्या तापमानाखाली उतरत नाही, पण चाळीस अंशांच्या खोलीत रात्रभर रेंडर चालवणाऱ्या लग्नाच्या व्हिडिओवाल्याला हवेच्या कूलरपेक्षा दहा-पंधरा अंश कमी मिळाले तरी त्याचे काम वेळेवर जाते. हौस म्हणून तो पैसे घालत नाही.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जुलै २०२४ मध्ये अशाच स्टिकरांबद्दल संगणकाचे सुटे भाग बनवणाऱ्या तीन कंपन्यांना ताकीद दिली. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टलही सुरू केले. पोर्टलवर कंपन्यांचे पत्ते आणि वॉरंटीच्या अटी मिळतात. त्या अटी तर आपल्याला पाठ आहेत! त्या न्याय्य आहेत का, हे विचारणारा कायदा हवा आहे, आणि तो अजून झालेला नाही.

आता थोडे आपल्या माणसांबद्दल. काही पत्रांसोबत आलेले फोटो पाहून वाईट वाटले. तांब्याच्या ब्लॉकला ॲल्युमिनियमचा रेडिएटर जोडलेला, लूपमध्ये आरओचे पाणी. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या बोअरचे क्षार गिझरच्या कॉइलवर रोज दिसतात. आरओ ते कमी करतो, संपवत नाही. ज्याच्या ब्लॉकच्या बारीक खाचांत पांढरा थर साचला आणि निकेल उडाले, ते कार्ड कंपनीने नाकारले, तर भांडायचे कोणत्या तोंडाने? कार्ड बदलल्यावर नुसता पंप चालवून, सांध्यांखाली टिश्यू पेपर ठेवून एक दिवस गळती पाहायची, हेही बरेच जण टाळतात. मूळ स्क्रू आणि थर्मल पॅड तर कचऱ्यात गेलेले असतात. पॅडची जाडी अर्ध्या मिलिमीटरने चुकली तरी कूलर चिपला नीट टेकत नाही.

पण ज्यांचे काम स्वच्छ आहे, त्यांनी नकार निमूटपणे घेऊ नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. हैदराबादच्या खेपा नकोत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मात्र विक्रीसाठी माल घेणारे आपण कायद्याने ग्राहक ठरत नाही. तक्रार गिऱ्हाइकाच्याच नावे हवी. पोटासाठी स्वतः स्टुडिओ चालवणारा माणूस ग्राहकांत मोडतो. म्हणून कच्च्या चिठ्ठीवर कार्ड विकणे आजपासून बंद करा. पक्के बिल, गिऱ्हाइकाचे नाव, सीरियल नंबर. ब्लॉक चढवण्याआधी आणि उतरवल्यावर बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो.

एकसारखे हित असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करण्याची सोय कलम ३५ मध्ये आहे. ती आपण वापरू. नकार फोनवर ऐकून घेऊ नका, लेखी मागा. बिल, नकाराचे पत्र आणि ते फोटो, गिऱ्हाइकाच्या संमतीसह, या महिन्याअखेर आमच्याकडे पाठवा. वकिलांकडे फाइल घेऊन आम्ही जाऊ.