गायरान गुरांसाठी, मग माणसांनी राहावे कोठे?

बौद्ध बंधु-भगिनींनो,

आपण त्रिशरण आणि पंचशील ग्रहण केले, देव्हाऱ्यातील टाक विसर्जित केले, गावकीची हलकी कामे सोडली. मनावरची बेडी तुटली, ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्या: माणूस धर्मांतर करतो, गावाचा नकाशा करीत नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या भूमीवर जे घडले, त्याची नोंद अनेक गावांच्या गावठाणाने अजून घेतलेली नाही. वेशीबाहेरच्या ज्या पट्ट्यात आपल्या आज्याला बसविले, त्याच पट्ट्यात आज नातू आणि पणतू राहत आहेत. एका खोलीची तीन कुटुंबे झाली. जमीन मात्र एक वीतही वाढली नाही.

सरकार म्हणते, घर घ्या. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना 2008 पासून आहे, प्रधानमंत्री आवास योजना 2016 पासून आहे. पैसा मंजूर होतो. पण अर्जदाराने जागा दाखवावी लागते. ज्याच्या नावावर सातबारा नाही आणि ज्याला गावठाणात पाय ठेवायला जागा नाही, त्याने घर काय आकाशात बांधावे? मग तो गावाबाहेरच्या मोकळ्या सरकारी जमिनीकडे बोट दाखवितो. अर्ज ग्रामपंचायतीकडे जातो, विषय ग्रामसभेपुढे येतो, आणि बहुधा एकच उत्तर मिळते: गायरान गुरांसाठी राखीव आहे, सबब अर्ज नामंजूर. ठराव एकमताने झाला असे इतिवृत्तात लिहिले जाते. ते एकमत कोणाचे, हे मात्र लिहिले जात नाही!

गायरान राखले पाहिजे, हे आम्हांला मान्य आहे. आपल्या वस्तीतील विधवेची शेळी त्याच रानावर चरते. गायरान बुडाले तर पहिली तीच बुडेल. सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 रोजी जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनी बळकावणाऱ्यांना हटविण्याचा आदेश दिला, तो बळकावणाऱ्या धनदांडग्यांवर उगारलेला आसूड होता. परंतु त्याच निकालपत्रात न्यायालयाने अपवादही सांगितला: शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना अथवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पट्टा दिलेला असेल, किंवा जमिनीवर शाळा, दवाखाना यांसारखी सार्वजनिक सोय उभी असेल, तर नियमानुकूल करण्याचा विचार व्हावा. ग्रामसभेत निकालाचा पहिला भाग मोठ्याने सांगितला जातो. दुसरा भाग सांगताना सर्वांचा घसा कसा काय बसतो?

आणि हे गुरांचे प्रेम नेमके केव्हा जागे होते? बागाईतदाराचा बांध दरवर्षी दोन हात गायरानात सरकतो, तेव्हा ते झोपलेले असते. खडी फोडणाऱ्याचे यंत्र रानात धडधडते, तेव्हाही ते झोपलेले असते. बौद्ध मजुराने चार पत्रे उभे केले की मात्र ते दचकून उठते! 2022 साली मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला आणि गावोगाव नोटिसा निघाल्या, तेव्हा ज्यांना दुसरे घर नव्हते त्यांच्याच पोटात गोळा उठला. ज्यांचे गावात वाडे होते, त्यांना फक्त रान सोडावयाचे होते. आपल्याला घर सोडावयाचे होते.

दुसरा न्याय पाहा. जमीन महसूल कायद्यात अलीकडे कलम 42-ड घालण्यात आले. त्यानुसार गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतील जमीन निवासी वापरासाठी अकृषिक झाल्याचे मानण्याची वाट मोकळी झाली. म्हणजे हद्दीला लागून ज्याचे शेत आहे, त्याच्या शेतात घरे उभी राहू शकतात, भूखंड विकले जाऊ शकतात. ते मोकळे रान नव्हते काय? तेथे पीक उभे नव्हते काय? तेव्हा त्याला गावाचा विकास म्हणतात. भूमिहीनाने दोन गुंठे मागितले की त्याला अतिक्रमण म्हणतात. कायद्याचा शब्द सर्वांना एकच आहे. परंतु ज्याच्या हाती जमीन, त्याच्याच बाजूने तो फळतो.

परमपूज्य बाबासाहेबांनी हे फार पूर्वी ओळखले होते. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना परिषदेत त्यांनी खेड्याच्या गोडव्यांना ठणकावून उत्तर दिले आणि राज्यघटनेचा घटक गाव नसून व्यक्ती आहे, याबद्दल समाधान व्यक्त केले. जुलै 1942 मध्ये नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली. 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ ह्या निवेदनात पडीक सरकारी जमिनी ह्या कामासाठी राखून ठेवण्याची योजना त्यांनी मांडली. येथे काही चतुर लोक म्हणतात, “तुमच्याच नेत्याने वेगळी वसाहत मागितली, मग नाल्यापलीकडची जागा घ्या की!” ह्या चतुराईला भुलू नका. बाबासाहेबांनी मागितले ते जमीन असलेले, स्वतःच्या पायावर उभे असलेले स्वतंत्र गाव. नाल्याकाठचा, स्मशानालगतचा, रस्ता नाही नि पाणी नाही असा तुकडा म्हणजे स्वतंत्र वसाहत नव्हे. तो जुनाच महारवाडा, नव्या सिमेंटमध्ये! असा तुकडा देणारा ठराव हा उपकार नसून अपमान आहे.

निवारा ही भीक आहे काय? नाही. उत्तर प्रदेशातील चमेली सिंग प्रकरणात दलितांच्या घरांसाठी जमीन संपादन करण्यास जमीनमालकांनी हरकत घेतली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली आणि निवाऱ्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. निवारा म्हणजे नुसते डोक्यावरचे छप्पर नव्हे. त्यात स्वच्छ परिसर, पाणी, उजेड आणि रस्ता येतो, हेही त्या निकालात आहे. तेव्हा गावठाणात जागा नसेल तर गावठाण वाढवा, सरकारी जमीन नसेल तर खाजगी जमीन विकत घ्या. पण जागाच नाही, हे उत्तर चालणार नाही.

आता थोडे आपल्याकडे पाहू. ग्रामसभेच्या दिवशी आपण कोठे असतो? मजुरी बुडेल म्हणून रानात. आणि ज्या एका हाताने हरकत घ्यावयाची, तो हात तेथे नसतो. 1993 पासून 73 व्या घटनादुरुस्तीने राखीव जागा आल्या. त्या जागेवरून निवडून गेलेला आपला सभासद किती गावांत ठराव न वाचताच सही करतो? निवडणुकीच्या आदल्या रात्री एका जेवणावर मत गेले, तर पाच वर्षे जागा मागण्याचे तोंड कोणत्या हिमतीने उघडावे? पंचशील हे केवळ सणाच्या दिवशी म्हणावयाचे नाही. मद्य वर्ज्य करणारे शील मतदानाच्या आदल्या रात्रीही लागू आहे.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने काही गोष्टी कराव्यात. जागेची मागणी तोंडी करू नका. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ग्रामसभेला स्त्रियांसह सारी वस्ती जा; ठराव नामंजूर झाला तर कारण इतिवृत्तात लिहावयास लावा आणि माहितीच्या अधिकाराखाली त्याची प्रत मिळवा. ग्रामपंचायत हे शेवटचे दार नव्हे. गावठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार कलम 122 नुसार जिल्हाधिकाऱ्याकडे आहे. नमुना आठवर नाव लागले म्हणून निश्चिंत होऊ नका; घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. 16 फेब्रुवारी 2018 च्या शासननिर्णयाने 1 जानेवारी 2011 पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याची वाट दिली. त्यासाठी जुनी पावती, वीजबिल, मतदारयादी, जे असेल ते जपून ठेवा. जगपाल सिंग निकालातील अपवाद पट्टा असणाऱ्यालाच तारतो. म्हणून आधी पट्टा, मग पाया. पट्ट्यावर घरच्या स्त्रीचे नाव घाला. आणि जागा मागितली म्हणून कोणी बहिष्कार घातला, तर तो अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे विसरू नका. त्यासाठी जातीचा दाखला जवळ असू द्या. 1990 पासून अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांना केंद्राच्या कायद्यानेही ते संरक्षण आहे.

डिसेंबर 1964 मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह उभा राहिला. हजारो स्त्री-पुरुषांनी तुरुंग भरले. तान्ही मुले कडेवर घेऊन माता तुरुंगात गेल्या. त्यांच्याजवळ शासननिर्णयांच्या प्रती नव्हत्या, माहितीचा अधिकार नव्हता, राखीव सरपंच नव्हता. आपल्याजवळ हे सर्व आहे. मग आपण गप्प का?

भगवान बुद्धांनी मंगलसुत्तात योग्य प्रदेशी वास करणे हे मंगलांपैकी एक मानले आहे. नाल्याच्या काठी कुजणे हे आपल्या पूर्वकर्माचे फळ आहे, असे त्यांनी कोठेही सांगितले नाही. ते ज्यांनी सांगितले, त्यांचा धर्म आपण सोडला आहे. आता त्यांनी आखलेली हद्दही सोडू या. येत्या ग्रामसभेला वस्तीतील एकही घर मागे राहता कामा नये.

जयभीम!