दहा अंकी संख्या आणि ६४१

वाचकहो, आठ अंकी कॅल्क्युलेटर आज बाजूला ठेवा. आजची संख्या त्यात मावत नाही. कागद-पेन्सिल घ्या आणि घरातल्या सातवी-आठवीच्या मुलाला, मुलीला जवळ बसवा.

२ ला २ ने गुणा, ४ आले. ४ ला ४ ने गुणा, १६. १६ ला १६ ने, २५६. २५६ ला २५६ ने, ६५,५३६. आणखी एकदा तसेच करा आणि १ मिळवा. ४,२९,४९,६७,२९७ ही आपली संख्या. वाचायची कशी? चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. पोरांकडून एकदा मोठ्याने म्हणवून घ्या.

फ्रान्समध्ये पिएर द फर्मा नावाचे मोठे गणिती होऊन गेले. पेशाने कायदेपंडित. वरच्या प्रत्येक पायरीत १ मिळवला की ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या संख्या मिळतात. या पाचही मूळ संख्या, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानेही भाग न जाणाऱ्या. तेव्हा पुढच्याही सगळ्या तशाच असणार, असे फर्मा यांनी १६४० मध्ये पत्रातून कळवले. सिद्धता आपल्याकडे नाही, हेही त्यांनी लिहिले होते. माणूस प्रामाणिक. पण नाव मोठे, म्हणून त्यांचा अंदाज टिकून राहिला.

१७३२ साली लिओनार्ड ऑयलर या पंचवीस वर्षांच्या तरुणाने दाखवून दिले की आपल्या या संख्येला ६४१ ने नि:शेष भाग जातो. भागाकार ६७,००,४१७. झाले! ब्याण्णव वर्षांचा अंदाज एका भागाकाराने कोसळला.

आम्ही शाळेत असताना गुरुजींनी फळ्यावर मांडलेले एक उत्तर चुकलेले दिसत होते. वहीत आम्ही बरोबर लिहिले, पण हात वर केला नाही. ते आजही सलते.

६४१ सापडले कसे? या संख्येला भाग गेलाच, तर तो ६४ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या मूळ संख्येनेच जाऊ शकतो, हे ऑयलर यांनी सिद्ध केले. अशा संख्या थोड्याच: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. १९३ ने भागल्यास बाकी १०९ उरते. २५७ ने फक्त २, अगदी हाताशी येऊन निसटले! ४४९ ने ३२५, ५७७ ने २८८. पाचव्या खेपेला शून्य.

६५,५३७ च्या पुढे या जातीची एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही. मुळीच नाही, असेही कुणी सिद्ध केलेले नाही.

आता मुलांनी ६७,००,४१७ ला ६४१ ने गुणून पाहावे. आमचा आकडा चुकला असेल तर पत्र टाका, नावासह छापू.