नाव व्हिस्की, पोटात मळी

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका रविवारी आम्ही चार-पाच नातलग लवासात, दासवे येथे एका भाड्याच्या घरात मुक्कामाला होतो. समोर वरसगाव धरणाचे पाणी, पाण्याकाठी इटलीतील पोर्टोफिनो या बंदराच्या धर्तीवर रंगवलेल्या इमारती आणि त्यांतल्या बऱ्याच खिडक्या अंधारात. अमेरिकेत नोकरीला असलेला भाचा सुटीवर आला होता. त्याने जेवणाआधी टेबलावर तीन बाटल्या मांडल्या. दोन त्याने तिकडून आणलेल्या. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य आणता येते, त्या हिशेबात त्या बसत होत्या. तिसरी येताना पुण्यात घेतलेली, आपल्याकडची. "मामा, पिण्याआधी वाचा," तो म्हणाला आणि पेले बाजूला सारून बाटल्या त्याने माझ्यापुढे सरकवल्या.

मी या विषयात नवशिका. 'बोर्बन' हे नाव मला ठाऊक होते ते बिस्किटामुळे. परंतु त्या संध्याकाळी जे वाचले त्याने चवीपेक्षा अधिक विचार करायला लावले. या लेखाचा हेतू कोणाच्या हाती पेला देण्याचा नाही. मद्य आरोग्याला घातक, हे प्रत्येक बाटलीवर छापलेले असते आणि ते खरेच आहे. प्रश्न वेगळा आहे. जी वस्तू सरकारच्या परवानगीने विकली जाते, जिच्यावर सरकार भरभक्कम कर घेते, ती नेमकी काय आहे हे जाणण्याचा अधिकार ती विकत घेणाऱ्याला आहे की नाही?

पहिली बाटली मेकर्स मार्कची, दुसरी वाइल्ड टर्कीची. दोन्हींवर 'केंटकी स्ट्रेट बोर्बन' असे शब्द. जाहिरातीतल्या विशेषणांसारखे वाटणारे हे तीन शब्द वस्तुतः कायद्याची कलमे आहेत. बोर्बन म्हणवून घ्यायचे तर ज्या धान्यापासून ते गाळायचे त्यात किमान ५१ टक्के मका हवा. गाळताना मद्यार्काचे प्रमाण ८० टक्क्यांपुढे जाता कामा नये, कारण त्यापुढे धान्याची चव उरत नाही. ते मुरवायचे ते ओकच्या लाकडाच्या, आतून जाळून कोळपवलेल्या, कोऱ्या पिंपातच, आणि पिंपात भरताना मद्यार्क ६२.५ टक्क्यांहून अधिक नको. बाटलीत तो ४० टक्क्यांहून कमी नको. 'स्ट्रेट' म्हणायचे तर किमान दोन वर्षे मुरवणे भाग आणि त्यात पाण्याखेरीज रंग, स्वाद काहीही मिसळायला मनाई. चार वर्षांहून कमी मुरलेले असेल तर वय बाटलीवर छापावेच लागते. सबब, वय छापलेले नाही याचा अर्थ चार वर्षे पुरी झाली आहेत.

एवढे कळल्यावर चाखणे म्हणजे नुसती हौस राहत नाही, ती तुलना होते. दोन्ही बाटल्यांत मका मुख्य, दोन्हींत कोरे पिंप, दोन्ही केंटकीच्या. मग फरक उरतो तो दुय्यम धान्याचा आणि तीव्रतेचा. मेकर्स मार्कमध्ये मक्याच्या जोडीला गहू आहे, मद्यार्क ४५ टक्के. वाइल्ड टर्कीच्या त्या बाटलीत गव्हाच्या जागी राय हे धान्य, मद्यार्क ५०.५ टक्के. दोन्हींत चार थेंब पाणी घालून मी आधी वास घेतला. दोन्हींना काकवीचा आणि व्हॅनिलाचा वास होता. हा वास कोणी ओतलेला नसतो. पिंप जाळले की लाकडातली साखर करपते आणि लाकडातूनच व्हॅनिलाचे द्रव्य सुटते. गव्हाची घोटाला मऊ लागली, मक्याच्या भाजलेल्या कणसाची गोडी मागे ठेवून गेली. रायची जिभेवर मिरी-लवंगेसारखी चढली. मला, आयुष्यात पहिल्यांदा बोर्बन चाखणाऱ्या माणसाला, हा फरक कळला, आणि का आहे तेही कळले. जाणकाराची जीभ नसताना हे साधले, कारण बाटलीवरच्या शब्दांवर विश्वास ठेवता येत होता.

मग तिसरी बाटली. तिच्यावर राजेशाही थाटाचे इंग्रजी नाव, सोनेरी मुद्रा, ४२.८ टक्के मद्यार्क, इशारा, किंमत. आणि 'व्हिस्की'. कशापासून? मक्यापासून, तांदळाच्या कणीपासून की उसाच्या मळीपासून? लाकडात किती दिवस? हा तांबूस रंग पिंपाचा की कॅरॅमलचा? या प्रश्नांचे सरळ उत्तर त्या बाटलीवर मला मिळाले नाही. पेल्यात वास आला, तो कोणाचा ते सांगता येईना. तुलना तिथेच थांबली.

आपल्या देशात व्हिस्की म्हणून खपणाऱ्या मालाचा मोठा भाग वर्षानुवर्षे मळीच्या मद्यार्कापासून बनत आला. साखर कारखाना, त्याची मळी, मळीची आसवनी आणि तिथल्या शुद्ध मद्यार्कात स्वाद, रंग आणि थोडे माल्ट मिसळून तयार झालेली 'व्हिस्की', ही साखळी महाराष्ट्राला नवी नाही. अलीकडे मळी आणि उसाचा रस पेट्रोलमध्ये मिसळण्याच्या इथेनॉलकडे वळल्याने धान्याच्या मद्यार्काचा वाटा वाढला आहे, हे मान्य. पण कोणती धान्याची आणि कोणती मळीची, हे गिऱ्हाइकाला बाटली सांगतेच असे नाही. युरोपात हाच माल व्हिस्की या नावाने विकता येत नाही. तिथे व्हिस्की धान्याचीच आणि किमान तीन वर्षे लाकडात मुरलेली हवी. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असे आपण माणसांबद्दल म्हणतो. इथे तो वाळा कायद्याच्या संमतीने विकला जातो.

अमेरिका जन्मतःच प्रामाणिक होती असे मात्र नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथले व्यापारी कच्च्या मद्यार्कात तंबाखूचा अर्क आणि फळांचे रस घालून ते 'जुनी व्हिस्की' म्हणून विकत. या प्रकाराला कंटाळून खरे उत्पादकच सरकारकडे गेले आणि १८९७ साली 'बॉटल्ड इन बाँड'चा कायदा झाला. एकाच आसवनीचे, एकाच हंगामाचे, किमान चार वर्षे सरकारी कुलपाखाली मुरलेले आणि ५० टक्के मद्यार्काचे, असे मद्य असेल तरच सरकारी करपट्टी झाकणावर लागे. म्हणजे कर वसूल करणारे खातेच मालाच्या खरेपणाची हमी देऊ लागले. पुढे १९०६ साली शुद्ध अन्नाचा कायदा आला आणि 'व्हिस्की म्हणजे काय' या प्रश्नावर इतके वाद झाले की १९०९ साली खुद्द राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांना निवाडा द्यावा लागला. धान्याच्या तटस्थ मद्यार्कालाही त्यांनी व्हिस्कीच्या घरात जागा दिली, पण तो प्रकार लेबलावर सांगण्याच्या अटीवर. मळीच्या मद्यार्काला मात्र त्यांनी दाराबाहेर ठेवले. १९६४ साली तिथल्या काँग्रेसने बोर्बन हे अमेरिकेचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन असल्याचा ठराव केला. मक्याच्या दारूची पत वाढली ती अशा साठ-सत्तर वर्षांच्या भांडणातून.

आता आपल्याकडे पाहू. महाराष्ट्रात मद्याचा सारा व्यवहार ज्या कायद्याने चालतो त्याचे नाव दारूबंदी कायदा, साल १९४९. त्याच कायद्याखाली परवाना काढून दारू पिता येते आणि त्याच व्यवहारातून राज्याच्या तिजोरीत वर्षाला वीस हजार कोटींहून अधिक रुपये जमा होतात. ज्या मालावर हा कर बसतो त्याचे सरकारी नाव 'भारतीय बनावटीचे विदेशी मद्य'. भारतीय बनावटीचे, तरीही विदेशी! झाकणावर चिकटवलेली पट्टी कर भरल्याची ग्वाही देते. आत काय आहे याची नाही.

१० जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील करवाढीचा निर्णय घेतला. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क निर्मितिमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट झाले. १८० मिलिलिटरच्या बाटलीची, म्हणजे लोकांच्या भाषेतल्या क्वार्टरची, किमान किंमत देशीला ८० रुपये आणि विदेशी मद्याला २०५ रुपये ठरली. वाढीव उत्पन्नाचा अंदाज १४ हजार कोटींचा. त्याच निर्णयात 'महाराष्ट्र मेड लिकर' असा एक नवा वर्ग जन्माला आला. राज्यातल्याच उत्पादकांनी, धान्यापासूनच बनवलेले मद्य, क्वार्टर १४८ रुपये. या निर्णयावर चर्चा झाली ती महागाईची, महसुलाची आणि कारखानदारांच्या फायद्याची. एक गोष्ट दुर्लक्षित राहिली. मद्याच्या नावाला स्थळ आणि धान्य अशा दोन अटी जोडण्याचे काम राज्य सरकारने इथे केले. बोर्बनच्या कायद्याची सुरुवात नेमकी इथूनच होते. मात्र आपण सुरुवातीलाच थांबलो. कोणते धान्य, किती, किती काळ मुरवलेले, रंग कशाचा, हे प्रश्न तसेच राहिले.

इथे दोन आक्षेप येतील आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला धान्याचा. २००७ साली राज्याने धान्यापासून मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्यांना अनुदान देऊ केले तेव्हा, भाकरीच्या ज्वारीची दारू करणार काय, असा सवाल उठला. डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी त्या धोरणाला कडवा विरोध केला. तो विरोध योग्यच होता, कारण तिथे जनतेच्या पैशाने दारूचे उत्पादन वाढवले जात होते. मी सुचवतो आहे ते अनुदान नव्हे, उघडेपणा. मळीची असेल तर मळीची म्हणा आणि तशी विका. उसाच्या रसापासून आणि मळीपासून बनणाऱ्या मद्याला जगात रम हे सन्मानाचे नाव आहेच.

दुसरा आक्षेप हवामानाचा. आपल्या उष्ण हवेत मद्य लवकर मुरते आणि पिंपातून लवकर उडूनही जाते. केंटकीत वर्षाला तीन-चार टक्के उडत असेल तर बंगळुरात दहा टक्क्यांहून अधिक. तेव्हा युरोपची तीन वर्षांची अट आपल्याला जाचक आहे, हे भारताचे म्हणणे रास्त आहे. खुद्द साध्या बोर्बनलाही किमान वर्षांची अट नाही. पण धान्याच्या अटीचा हवामानाशी काय संबंध? आणि मुरवण्याचे महिने कितीही असोत, ते छापायला कोणते ऊन आडवे येते? आपल्याच देशात हे जमते. बंगळुराच्या अमृतने २००४ साली आपली सिंगल माल्ट ग्लासगोत नेली. गोव्याची पॉल जॉन जगात नाव मिळवून आहे. गंमत म्हणजे हे दोघे जी पिंपे वापरतात त्यांतली बरीचशी बोर्बनचीच, कारण त्या कायद्यान्वये बोर्बनला दरवेळी कोरे पिंप लागते आणि जुने विकावे लागते.

हा विषय आजच काढण्याचे कारण आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने बोर्बनवरील आयातशुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणले. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारात स्कॉचवरील शुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याचे ठरले. तिकडे केंटकीच्या गोदामांत दीड कोटीहून अधिक पिंपे साठून आहेत. जिम बीमने आपल्या मुख्य आसवनीतील उत्पादन २०२६ साली थांबवण्याची घोषणा केली. त्या मालाला गिऱ्हाईक हवे आहे. उद्या पुण्याच्या दुकानात या बाटल्या आपल्या बाटल्यांच्या शेजारी आणखी जवळच्या किमतीला उभ्या राहतील. शुल्काची भिंत उतरली की आपल्या मालाला आधार त्याच्या पतीचाच. आणि पत लपवाछपवीतून मिळत नाही.

हे केवळ उच्चभ्रूंच्या चवीचे प्रकरण आहे असे कोणी समजू नये. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. ती सगळी हातावर पोट असलेली. विषारी दारू लेबलाने थांबत नाही, हे उघड आहे. पण 'बाटलीत काय आहे हे विचारायचे नसते' ही सवय वरच्या थरात सोनेरी मुद्रेखाली आणि खालच्या थरात प्लास्टिकच्या पिशवीत सारखीच नांदते. किंमत वाढवून गरिबाला त्या पिशवीकडे ढकलणारे सरकार निदान अधिकृत बाटलीबद्दल तरी खरे बोलले पाहिजे.

आणि नावाची किंमत मुळशी तालुक्याला कोणी शिकवायला नको. इथल्या आंबेमोहर तांदळाला भौगोलिक मानांकन आहे. परप्रांतीचा तांदूळ आंबेमोहर म्हणून गळ्यात मारला तर इथला शेतकरी चिडतो, आणि पुण्याची गृहिणीही. गोव्याच्या काजूफेणीने २००९ सालीच आपले नाव राखून घेतले. त्याच मुळशीत लवासा उभे राहिले. नाव अमेरिकेतल्या एका नावे घडवणाऱ्या कंपनीचे, रूप इटलीचे, पाणी मोशी नदीचे. २०१० साली पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवले, २०११ साली अटींसह परवानगी दिली आणि २०१८ साली प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेले. ज्यांनी नाव आणि चित्र पाहून आयुष्याची पुंजी घातली त्यांचे काय झाले, ते त्या अंधाऱ्या खिडक्या सांगतात.

मागणी फार मोठी नाही. प्रत्येक बाटलीवर चार ओळी हव्यात: मद्यार्क कशाचा, लाकडात किती महिने, रंग आणि स्वाद वरून घातला की नाही, आणि गाळले कुठे. कर गोळा करणाऱ्या खात्यानेच ते तपासावे. साडेचारपट शुल्क घेणाऱ्याने एवढी हमी द्यायला हरकत नसावी.

जेवणे झाल्यावर भाच्याने पेले विसळले आणि झाकणे लावली. दोन बाटल्यांविषयी माझे मत झाले होते. गव्हाची मला अधिक रुचली. तिसरीविषयी त्याने विचारले तेव्हा मी म्हणालो, "बरी आहे की वाईट ते नंतर सांगेन रे. आधी ती काय आहे ते मला कोणीतरी सांगू दे."