‘मोकळी जमीन’ या दोन शब्दांविषयी

‘महानगरीय संवेदना आणि मराठी साहित्य’ या, आपल्याकडे दरवर्षी कुठे ना कुठे होणाऱ्या विषयावरील एका चर्चासत्रात मध्यंतरी एका समीक्षक मित्रांनी गिरणगावाचा विषय काढला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : गिरणगाव संपले, मराठी लेखकांचे त्याबद्दल अश्रू ढाळून झाले, आता लोअर परळच्या मॉलकडे शहराच्या पुनरुज्जीवनाचे रूप म्हणून पाहायला शिकले पाहिजे. गिरणीच्या फाटकातून आत जायला तिकीट नंबर लागे, मॉलमध्ये कोणीही जाऊ शकतो. तेव्हा मॉल ही अधिक लोकशाही जागा आहे. टाळ्या पडल्या. मला उत्तर द्यायचे होते, पण अध्यक्षांनी भोजनाची वेळ झाल्याचे जाहीर केले आणि भोजनापुढे वाद टिकत नाही, हा आपल्या चर्चासत्रांचा अलिखित नियम आहे. तेव्हा राहून गेलेले ते उत्तर येथे देतो.

आधी मित्रांचे जे खरे आहे ते मान्य केले पाहिजे. गिरणी म्हणजे काही नंदनवन नव्हते. कापसाच्या तंतूंनी निकामी झालेली फुप्फुसे, वर्षानुवर्षे बदलीवर राहिलेली माणसे, कायम होण्यासाठी करावी लागणारी जॉबरची मनधरणी हे सारे तेथे होते. विणाई खात्यात धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगारांना तेथे प्रवेश नव्हता. 1928च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. ज्यांना ‘आपले गिरणगाव’ म्हणून गहिवरून येते त्यांनी हे ‘आपले’ कोणाकोणाचे होते, हे एकदा तपासावे. स्मरणरंजनाविषयी माझे आणि मित्रांचे भांडण नाही.

भांडण आहे ते ‘पुनरुज्जीवन’ या शब्दाशी. मेलेले पुन्हा जिवंत होणे, हा त्याचा अर्थ. येथे मेले कोण आणि जिवंत झाले कोण? 1905 साली स्थापन झालेल्या एका गिरणीला फिनिक्स हे नाव देणाऱ्यांना पुढे काय होणार, याची कल्पना असण्याचे कारण नाही. पण तो पक्षी स्वतःच्या राखेतून उठतो, एवढे तरी आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. सेनापती बापट मार्गावर जे उठले ते दुसऱ्यांच्या राखेतून उठले, आणि ही राख कशी झाली, याचा हिशेब कागदोपत्री उपलब्ध आहे. (जाता जाता : ज्यांच्या नावाचा हा रस्ता आहे त्या सेनापती बापटांनी 1921 पासून मुळशीत धरणाखाली जमिनी जाणाऱ्या शेतकऱ्यांच्या बाजूने सत्याग्रह केला. रस्त्यांना नावे देणाऱ्यांची विनोदबुद्धी अजोड आहे.)

हा हिशेब साहित्याच्या प्राध्यापकांनी मुद्दाम वाचावा असा आहे, कारण तो शेवटी अर्थनिर्णयनाचा प्रश्न आहे. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेला संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकामागून एक थंडावत गेल्या. मध्य मुंबईत 58 गिरण्यांची मिळून सुमारे 600 एकर जमीन होती. 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 58 व्या नियमाने (गिरण्याही 58, नियमही 58; हा निव्वळ योगायोग) तिचे तीन वाटे ठरवले : एक तृतीयांश महापालिकेला उद्याने-मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. 1996 साली चार्ल्स कोरिया यांच्या समितीने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित आराखडाही मांडला. तो बाजूला पडला. 2001 साली नियमात दुरुस्ती झाली. तीन वाट्यांची भाषा तशीच राहिली. फक्त वाटणी आता गिरणीच्या सगळ्या जमिनीची नव्हे, तर ‘मोकळ्या जमिनी’ची करायची, असे ठरले.

आता हे दोन शब्द वाचा. गिरणी हे बांधकामांनी गच्च भरलेले आवार. खाती, गोदामे, बॉयलर, चिमणी. मोकळी जमीन ती किती असणार? बांधकाम पाडल्यावर जी मोकळी होते ती जमीन ‘मोकळी’ की नाही? पर्यावरणासाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2005 मध्ये म्हटले, की तीही मोकळीच. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय फिरवला : आधीपासून रिकामी होती तेवढीच मोकळी. विशेषणाचा एक अर्थ घेतला तर मैदाने आणि घरे, दुसरा घेतला तर मॉल आणि मनोरे. दरम्यान 2005 सालीच एकट्या मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन 702 कोटींना आणि कोहिनूर मिलची एक जागा 421 कोटींना विकली गेली होती. मराठी समीक्षेने गेल्या पन्नास वर्षांत शब्दार्थाची जी चर्चा केली, तीत याहून महाग शब्द आलेला माझ्या वाचनात नाही. आणि त्या काळात आपण काय करत होतो? उत्तर-आधुनिकतेवर उजळणी वर्ग. त्यांत मीही होतो.

मित्रांचा दुसरा मुद्दा, मॉलमध्ये कोणीही जाऊ शकतो. जाऊ शकतो, खरे आहे. सुरक्षारक्षकाची नजर अंगावरून उतरेपर्यंत थांबायची तयारी असेल तर. पण लोकशाही ही आत जाता येण्याची सोय नसते. आत काय असावे हे ठरवण्यात आपला वाटा असणे, ही ती असते. गिरणगावातल्या घरगुती खानावळी चालवणाऱ्या बायकांनी 1975 साली प्रेमा पुरव यांच्यासोबत अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, सावकाराऐवजी बँकेकडून कर्ज मिळवले. फूड कोर्टात टेबल पुसणारी बाई कोणत्या मंडळाची सभासद असते? तिचा मालक कोण, हेही तिला नीट सांगता येत नाही, ती कंत्राटदाराची.

त्या आवारात जुनी चिमणी जपून ठेवली आहे. आपल्या भाषेत चिमणी म्हणजे पाखरू, धुराडे आणि रॉकेलचा दिवाही. जपलेली चिमणी यांपैकी काहीच नाही, ती शोभेची वस्तू आहे. मात्र हे लिहिताना मला आपला अभ्यासक्रम आठवतो. त्यात आपण नारायण सुर्वे असेच जपले आहेत. ‘कामगारजाणिवेचे कवी’ या पाच गुणांच्या टिपेत. जयंत पवारांचे ‘अधांतर’ नाट्यसंहिता म्हणून लावतो, त्यातले घर कोणत्या संपाने आणि कोणत्या नियमाने अधांतरी झाले, याला तास उरत नाही. त्यांच्या ज्या कथासंग्रहाला 2012चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला त्याच्या शीर्षकातच फिनिक्सची राख आहे, आणि विद्यार्थी ती ग्रीक मिथकाचा संदर्भ म्हणून लिहून येतात. चूक त्यांची नाही. मॉलने एक चिमणी सजवली, आपण एक प्रश्नपत्रिका सजवली.

या वर्षी मी वर्गात सुर्व्यांच्या आधी नियम 58 वाचायला घेतला. दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरची, सहसा न बोलणारी एक विद्यार्थिनी प्लास्टिकच्या पिशवीत आजोबांच्या अर्जाची पावती घेऊन आली. गिरणी कामगारांच्या घरांसाठी असे सुमारे दीड लाख अर्ज आले होते. 2012ची पहिली सोडत 6,925 घरांची होती. पुढच्या सोडतींतही आजोबांचा क्रमांक लागला नाही, आणि आता आजोबा नाहीत. अलीकडे वारसांना शेलू-वांगणीची घरे सुचवण्यात आली आणि ती नाकारत, मुंबईतच घर द्या म्हणत कामगार आणि वारस जुलै 2025 मध्ये आझाद मैदानावर बसले. तिची आई त्यांत होती. तिने मला विचारले, “सर, आजोबांची गिरणी पाडली तेव्हा ती जमीन मोकळी झाली नव्हती का?”

मी तिला दोन्ही न्यायालयांची वाचने फळ्यावर लिहून दाखवली. तिने ती उतरवून घेतली आणि आईला दाखवायची म्हणून निकालांच्या तारखाही मागितल्या.