तेवीस स्पीकर आणि एक तंबोरा

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. कारण विचाराल तर गाडी. अकरा वर्षं इमानेइतबारे चाललेल्या आमच्या जपानी गाडीने मार्चमध्ये मान टाकली, आणि "आता एकदा तरी चांगली घेऊ" असं बायको म्हणून गेली. मी ते वाक्य हवेतल्या हवेत झेललं. (चांगली म्हणजे महाग असं आपण म्हटलंच नव्हतं, असं ती नंतर म्हणाली. असो.)

तर एका शनिवारी आम्ही दोघं इथल्या, म्हणजे न्यू जर्सीतल्या, एका जर्मन गाड्यांच्या शोरूममध्ये जाऊन बसलो. कॉफी आली. मग यादी आली. ज्यांनी अशी गाडी घेतलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो: जाहिरातीत दिसते ती किंमत नुसत्या सांगाड्याची असते. बाकी सगळं यादीत. रंग यादीत, सीटचं कातडं यादीत, चाकं यादीत. आणि यादीच्या मध्यावर "ऑडिओ". तिथे तीन ओळी होत्या. पहिली: साधी सिस्टिम, फुकट. दुसरी: एका नावाजलेल्या कंपनीची, अकराशे डॉलर. तिसरी: त्याहून नावाजलेल्या कंपनीची, तेवीस स्पीकर, साडेचार हजार डॉलर.

साडेचार हजार! घरी बैठकीत स्पीकर घ्यायचे होते तेव्हा तीनशेचे घ्यावेत की चारशेचे यावर मी दोन महिने काढले होते. पण गाडीच्या किमतीपुढे साडेचार हजार हा आकडा अंग चोरून उभा राहतो. शिवाय विक्रेता पोरगा आकडा असा सांगतच नाही. तो म्हणतो, "महिन्याला नव्वद डॉलरसुद्धा नाहीत." आपल्याकडे चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला म्हणतात. इथे कोंबडीच इतकी महाग की मसाल्याचा भाव विचारायचं भान राहत नाही.

मी "विचार करून सांगतो" म्हणालो आणि घरी येऊन वाचत बसलो. (आमच्या घराण्यात कुठलीही खरेदी संशोधनाशिवाय होत नाही. आत्या, तू हसू नकोस, तू मिक्सरसाठी वही केली होतीस.)

या धंद्याची सुरुवात एका अर्धबंगाली माणसाने केली हे वाचून बरं वाटलं. अमर बोस. वडील कलकत्त्याचे, स्वातंत्र्यचळवळीतले, इंग्रजांचा ससेमिरा चुकवून अमेरिकेत आलेले. मुलगा शाळकरी वयात रेडिओ दुरुस्त करायचा, पुढे एमआयटीत प्राध्यापक झाला आणि १९६४ मध्ये कंपनी काढली. १९८३ सालच्या कॅडिलॅक वगैरे जनरल मोटर्सच्या गाड्यांत त्यांची सिस्टिम आली. तिच्यामागचा विचार खरोखर चांगला होता. गाडी ही ऐकायला वाईट जागा: एका बाजूला काच, दुसऱ्या बाजूला गादी, आणि ऐकणारा एका स्पीकरला चिकटून बसलेला. पण एक गोष्ट घरापेक्षा सोपी. माणूस नेमका कुठे बसणार हे आधीच माहीत असतं. मग त्याच गाडीसाठी, त्याच सीटसाठी आवाज बेतता येतो. जवळचा स्पीकर एक मीटरने जवळ असेल तर त्याला तीन मिलिसेकंद थांबवून ठेवायचं, म्हणजे दोन्हीकडचा आवाज एकदम कानी पडतो. आता हे काम एक छोटीशी चिप करते.

म्हणजे चांगल्या सिस्टिममध्ये काहीच नसतं असं मी म्हणत नाही. असतं. प्रश्न किमतीचा आहे.

पोर्शे ९११ चं उदाहरण घ्या. काही वर्षांपूर्वी तिच्या अमेरिकेतल्या यादीत बोस सिस्टिम सोळाशे डॉलरला होती: बारा स्पीकर, ५७० वॅट. तिच्यावर बर्लिनच्या बुर्मेस्टरची, जवळजवळ चार हजारांना: तेरा स्पीकर, ८५५ वॅट. वॅटचा आकडा दीडपट. पण कान वॅट मोजत नाही, डेसिबल मोजतो. दीडपट वॅट म्हणजे पावणेदोन डेसिबल. कानाला जेमतेम कळणारा फरक एक डेसिबलच्या आसपास असतो. आवाज दुप्पट वाटायला हवा असेल तर वॅट दहापट लागतात. आणि नेहमीच्या आवाजात गाणं ऐकताना जेमतेम काही वॅटच खर्च होतात. बाकीचे माहितीपत्रकातच राहतात. बुर्मेस्टरचे स्पीकर वेगळे, घडण वेगळी, ते मान्य. पण यादीवर सही करणाऱ्याला ऐकवतात ते वॅट.

दुसरी गंमत नावांची. मार्क लेव्हिन्सन या गृहस्थांनी १९७२ मध्ये आपल्या नावाने कंपनी काढली, आणि १९८४ मध्ये ते तिच्यातून बाहेर पडले. नाव मात्र कंपनीकडेच राहिलं. २००१ च्या लेक्ससमध्ये जी 'मार्क लेव्हिन्सन' सिस्टिम आली तिच्याशी मार्क लेव्हिन्सन यांचा संबंध नव्हता! ते नाव हरमन कंपनीचं झालेलं होतं. या हरमनकडेच जेबीएल, इन्फिनिटी, हरमन कार्डन, लिंकन गाड्यांत येणारं रेव्हेल. २०१५ मध्ये त्यांनी बँग अँड ओलुफसेनचा गाड्यांपुरता धंदा घेतला. २०१७ मध्ये खुद्द हरमनला सॅमसंगने सुमारे आठ अब्ज डॉलरना घेतलं. आणि २०२५ मध्ये बॉवर्स अँड विल्किन्ससुद्धा त्याच घरात आली. बीएमडब्ल्यूच्या कित्येक गाड्यांच्या यादीत मधली पायरी हरमन कार्डनची नि वरची बॉवर्सची. म्हणजे गिऱ्हाईक दोन घराण्यांची तुलना करत घाम गाळतंय, आणि दोन्ही घराण्यांचं स्वयंपाकघर एकच.

मग साधी सिस्टिम इतकी साधी का? याचं उत्तर मला एका फ्रेंच इंजिनिअरकडे मिळालं. ज्यूल द्युपुई. १८४९ मध्ये त्याने रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाबद्दल लिहिलं होतं. त्या डब्यांना छप्पर नसे. छपराला असा कितीसा खर्च? त्याचं म्हणणं असं की गरिबाला भिजवण्यात कंपनीला काही रस नाही. दुसऱ्या वर्गाचं भाडं देऊ शकणाऱ्याने तिसऱ्यात बसू नये म्हणून छप्पर नाही. भिजतो गरीब, पण भीती घालायची असते ती पैसेवाल्याला. गाडीतली पहिली, फुकटची ओळ म्हणजे मला तो बिनछपराचा डबा वाटला. सत्तर हजार डॉलरच्या गाडीत ठीकठाक स्पीकर बसवायला कंपनीला फार पडणार नाहीत. पण ते बसवले तर तिसरी ओळ कोण घेईल?

हेच मी पुण्याच्या भाच्याला फोनवर सांगत होतो तर तो म्हणाला, "मामा, इथे तर याच्याही पुढचं आहे." त्याने २०२१ मध्ये महिंद्राची एक्सयूव्ही ७०० घेतली. त्याला सोनीचे बारा स्पीकर हवे होते. ते नुसते मिळत नव्हते. सगळ्यात वरच्या मॉडेलवर आणखी एक लक्झरी पॅक घ्यायचा, तेव्हाचे एक लाख ऐंशी हजार. त्यात स्पीकरबरोबर चारी बाजूंचा कॅमेरा आणि कुलूप उघडलं की आपोआप बाहेर येणारी दाराची हँडलं. "हँडलं मला नको होती मामा," तो म्हणाला. अरे, म्हणून तर ती जोडलेली असतात. तुला स्पीकर हवे, शेजाऱ्याला कॅमेरा हवा, हँडलं कुणालाच नकोत, तरी तिघांचे मिळून पैसे दोघांकडून वसूल.

इथवर मी मजेत होतो, आणि तावातावाने "ऑप्शन ही लूट आहे" असा लेख लिहायला घेणार होतो. पण पुढच्या शनिवारी आम्ही परत गेलो, नीट ऐकून बघायला. विक्रेता त्यांचं ठरलेलं इंग्रजी गाणं लावणार होता, ज्यात ढोल एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जातो. मी म्हटलं नको, माझं लावतो. फोनवरून किशोरीताईंचा भूप लावला. आधी अकराशेवाल्या गाडीत बसलो, मग साडेचार हजारवाल्या. गाड्या उभ्या, दारं बंद.

मला फरक कळला नाही. अगदी प्रामाणिकपणे सांगतो, शून्य. मी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं, म्हटलं बघ! ती डोळे मिटून बसली होती. म्हणाली, "अरे, तंबोरा बघ ना किती सुरेख येतोय. जवारी सुटी सुटी ऐकू येतेय. मगाचच्या गाडीत नव्हती अशी."

मी पुन्हा ऐकलं. किशोरीताई ऐकू येत होत्या. तंबोऱ्याचा खालचा गुंजारव होता. जवारी नव्हती. तिच्या जागी काहीच नव्हतं.

मला गाणं येत नाही, पण तंबोरा मला ठाऊक आहे. लहानपणी साताऱ्याला शेजारच्या घरी क्लास चालायचा. संध्याकाळी तंबोरा जुळवताना दोऱ्याने जवारी लावली की तार कशी एकदम उजळायची, ते मला भिंतीपलीकडून कळायचं. ते उजळणं म्हणजे वरच्या स्वरांची सरच असते. विक्रेता विचारत होता, "कसं वाटलं, सर?" मी काहीतरी पुटपुटलो आणि आम्ही निघालो.

पंधरा दिवसांनी कान तपासले. हेडफोन लावून काचेच्या खोलीत बसायचं, आवाज आला की बटण दाबायचं. बराच वेळ मी बटण दाबलंच नाही, मला वाटलं मशीन बंद पडलंय. माझा आलेख म्हणजे ३००० हर्ट्झपर्यंत छान पठार आणि मग थेट कोकणकडा. वयाने होतं असं, तपासणाऱ्या बाई म्हणाल्या. आधी वरचे आवाज जातात. बोलण्यातले स, श, थ तिथेच राहतात. म्हणजे ज्या वयात हातात साडेचार हजार डॉलर येतात त्या वयात ज्यासाठी ते द्यायचे ते अर्धं गेलेलं असतं. शोरूमच्या यादीत ही ओळ नाही.

मला मात्र दुसरंच आठवत होतं. गेली दोन वर्षं माझी तक्रार होती की आई फोनवर पुटपुटते. वय झालं, शब्द नीट उमटत नाहीत, असं मी बहिणीलासुद्धा सांगितलं होतं. आणि फोन लवकर आटपू लागलो होतो.

मग बाईंनी एक कागद पुढे केला. श्रवणयंत्रं. तीन रकाने. एका जोडीला तीन हजार दोनशे, चार हजार सहाशे, सहा हजार शंभर. माझा विमा यातलं काही देत नाही. मी विचारलं, तिन्हींत फरक काय? बाई सरळ होत्या. म्हणाल्या, यंत्र तेच आहे, वरच्या रकान्यात आतल्या जास्त सोयी उघडलेल्या असतात. गोंगाटातून बोलणं वेगळं काढणारी सोय खालच्यात जेमतेम, वरच्यात पूर्ण. मला ती शोरूममधली कॉफी आठवली.

गाडीच्या बाबतीत माझं मत त्या दिवशी जरा बदललं, हे कबूल करतो. ती लूट वगैरे नाही. हौसेने साडेचार हजार देणाऱ्यामुळेच कदाचित माझी साधी ओळ फुकट राहते. २००६ च्या सुमाराला ऑडी ए८ मध्ये बँग अँड ओलुफसेनची सिस्टिम सहा हजार तीनशे डॉलरला मिळायची. चालू केली की डॅशबोर्डातून दोन चकचकीत स्पीकर सावकाश वर यायचे. ज्याला ते वर येताना बघायचे होते त्याने पैसे दिले. बिघडलं काय? पण तीच युक्ती कानाच्या यंत्रात आली की मला राग येतो. संशोधनाचा खर्च कुणाकडून तरी वसूल व्हायला हवा हे समजतं. तरीही, जेवणाच्या टेबलावर बायको-मुलांचं बोलणं कळणं ही काही वर येणारी चकती नव्हे. इथे छपराविना भिजणारा आणि घाबरवला जाणारा एकच माणूस आहे.

थोडी फट पडली आहे. २०२२ च्या ऑक्टोबरपासून अमेरिकेत सौम्य ते मध्यम दोष असलेल्या प्रौढांना चिठ्ठीशिवाय दुकानातून श्रवणयंत्र घेता येतं. बोस कंपनीनेही २०२१ मध्ये साडेआठशे डॉलरना एक यंत्र काढलं होतं, पण वर्षभरातच त्यातून अंग काढून घेतलं आणि ते तंत्र दुसऱ्या कंपनीला दिलं. माझा कडा जरा जास्तच सरळ असल्याने मला बाईंच्याच कागदाकडे यावं लागलं. मधला रकाना घेतला. गाडी घेतली ती फुकटच्या ओळीची. विक्रेत्याला वाईट वाटलं.

पहिल्या रविवारी आईला फोन केला. ती पुटपुटत नव्हती. पाऊण तास बोललो. शेवटी तिनेच विचारलं, "आज तुला ऑफिसची घाई नाही का रे?"

भूप गाडीतही ऐकला. साध्या स्पीकरांतून, यंत्रं लावून. जवारी येते. बायको म्हणते त्या तिसऱ्या गाडीइतकी नाही, नसेल. मला पुष्कळ आहे. फक्त एक झालंय. ताशी साठ मैलांच्या पुढे गेलं की डॅशबोर्डाच्या उजव्या कोपऱ्यातून एक बारीक करकर येते. नव्या कोऱ्या गाडीत! मी वैतागून बायकोला म्हटलं, ही आजच सुरू झाली का? ती म्हणाली, "पहिल्या दिवसापासून आहे."