डाएट त्यांचे, डाग आपल्या अंगावर

कीटो आणि प्रोटीन पावडर यांचे खूळ अमेरिका-ब्रिटनच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत पोहोचले, तसे आपल्या वस्तीतल्या जिममध्येही आले. वजन किती उतरेल हे जाहिरात सांगते. काळ्या कातडीवर काय उमटेल, ते सांगत नाही. म्हणून आम्ही सांगतो.

कीटोत भाकरी, भात, डाळ जवळजवळ बंद होते. शरीर चरबी जाळते, रक्तात कीटोन वाढतात. काहींना त्यामुळे पाठीवर, छातीवर, मानेवर खाजरे पुरळ येते. व्हे प्रोटीनने काहींचे मुरूम वाढतात. पुरळ जाते, पण काळ्या-सावळ्या त्वचेत दाह झाला की रंगद्रव्य जास्त तयार होते आणि डाग महिनोन्‌महिने राहतात.

गोऱ्या अंगावर लाल दिसणारे पुरळ काळ्या अंगावर जांभळट किंवा करडे दिसते. वैद्यकीय पुस्तकांतली बहुतेक चित्रे गोऱ्यांची, त्यामुळे निदान चुकू शकते. म्हणूनच लंडनमधील मलोन मुक्वेंडे या कृष्णवर्णीय वैद्यकीय विद्यार्थ्याने २०२० मध्ये अध्यापकांसोबत काळ्या-सावळ्या त्वचेवरील लक्षणांची पुस्तिका काढली.

हे डाग म्हणजे मळ नव्हे, घासू नका. गोरेपणाचे क्रीमही लावू नका, त्यात स्टेरॉइड असू शकते. पुरळ आले तर डाएट थांबवा, दवाखाना गाठा, पावडरचा डबा सोबत न्या. मधुमेहाची औषधे चालू असतील किंवा बाई गरोदर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कीटो नकोच.

आपल्या रंगात खोट नाही. खोट आहे ती आपले अंग हिशेबात न धरणाऱ्या सल्ल्यात.