पिकते तेथे शिजत नाही
खामगाव किंवा चिखलीच्या एखाद्या नोकरदार घरात रविवारी थाई नूडल्सचा बेत ठरला, तर शेजारी प्रथम हसतील. महानगरी उपाहारगृहांनी या पदार्थाला श्रीमंती थाट चढवला आहे. सामानाची यादी मात्र वेगळेच सांगते: तांदळाच्या चपट्या शेवया, चिंचेचा कोळ, गूळ, शेंगदाणे, मोड आलेले मूग, अंडे, सुके झिंगे आणि टोफू. शेवया तेवढ्या बाहेरून आणाव्या लागतील. समुद्र शेकडो किलोमीटर दूर असला, तरी सुके झिंगे आठवडी बाजारात मिळतात, आणि मूळ पदार्थातही ते असतातच. उरला टोफू, आणि टोफू म्हणजे दुसरेतिसरे काही नसून सोयाबीनच्या दुधाचे पनीर होय.

ज्या जिल्ह्याच्या खरीप पेऱ्यात सोयाबीन अग्रस्थानी आहे, तेथे टोफू परका वाटावा, हे विलक्षणच म्हणावे लागेल. कृती अवघड नाही. रात्रभर भिजवलेले सोयाबीन वाटून, पाण्यात कालवून गाळावयाचे; ते दूध चांगले उकळावयाचे, कारण कच्च्या सोयाबीनमधील पचनाला बाधक द्रव्ये उष्णतेनेच निष्प्रभ होतात; मग लिंबाच्या रसाने फाडून, फडक्यात बांधून वजनाखाली दाबावयाचे. कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढणाऱ्या हातांना यात नवे असे थोडेच आहे. तुकडे आधी तेलात परतावेत, म्हणजे मोडत नाहीत. आणि मोठ्या जाळावर एका वेळी दोघांपुरतेच करावे, नाहीतर शेवयांचा गोळा होतो.

नूडल्स आणि टोफू थायलंडमध्येही चीनमधूनच आले. १९३८ ते १९४४ या काळात पंतप्रधान असलेल्या पिबुलसोंग्राम यांच्या सरकारने नूडल्स खाण्याचा जाहीर प्रचार केला, आणि परका पदार्थ पाहता पाहता राष्ट्रीय ठरला. आपल्याकडे सोयाबीन आले ते गिरणीचे पीक म्हणून. तेल काढावयाचे आणि पेंड कोंबड्यांना घालावयाची, एवढाच त्याचा संसार. त्या पेंडीच्याच वड्या पाकिटातून परत येतात आणि आपण त्या विकत घेतो! सोयाबीनच्या कच्चट वासानेही स्वयंपाकघराचे दार बंद केले, हे मान्य केले पाहिजे. चिंच-गुळात तो वास पुष्कळसा दबतो.

घरोघरी टोफू झाल्याने सोयाबीनचा भाव वाढेल, असे कोणी समजू नये. भाव तेल आणि पेंडीच्या जागतिक बाजारात ठरतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, म्हणजे किलोला सव्वात्रेपन्न रुपये होता, आणि बाजार समित्यांतील भाव पुष्कळदा त्याच्याही खाली राहिला. पण किलोभर सोयाबीनपासून सुमारे दीड किलो टोफू होतो, आणि शहरी दुकानात त्याची किंमत कितीतरी पट असते. हा फरक आज जिल्ह्याबाहेर जातो. पापड-लोणच्यांत अडकलेल्या बचत गटांना येथे वाव आहे.

अडचण टिकण्याची आहे. पाण्यात बुडवून थंड ठेवलेला ताजा टोफू दोन-चार दिवसच राहतो. उन्हाळ्यात वीज गेली, तर तेवढाही नाही. पण हीच अडचण लहान उत्पादकाच्या पथ्यावर पडणारी आहे. शेकडो कोसांवरच्या कारखान्याला ताजा टोफू रोज मेहकरला पोहोचवणे परवडणार नाही. मेहकरमध्ये पहाटे केलेला टोफू मात्र संध्याकाळपर्यंत मेहकरमध्येच खपू शकतो.